शोकाकुल कोण, हे ताई विचारायच्या

अन्याय झाला तो फ्लेक्सवाल्या ताईंवर. झाला तो गेल्या मंगळवारी सकाळी, दुकानांची शटरं वर जात होती त्या वेळी, पुसदच्या बसस्टँडजवळच्या चौकात, सगळ्यांच्या डोळ्यांदेखत. कुणी काही बोललं नाही, कारण कुणाला तो अन्याय वाटलाच नाही. पोरं शिडी घेऊन आली, खांबांना दोऱ्या बांधल्या आणि दोन माणसं उंच असा फ्लेक्स ताणला. वर 'भावपूर्ण श्रद्धांजली'. मध्ये ताईंचा आधार कार्डावरचा फोटो, ओढून इतका मोठा केलेला की डोळ्यांच्या जागी नुसते चौकोन उरले होते. आणि खाली 'शोकाकुल' या शब्दानंतर चेहरेच चेहरे. पांढरे शर्ट, काळे गॉगल, जोडलेले हात. ताईंच्या चेहऱ्यापेक्षा खालच्या गर्दीला जास्त जागा.

ताई जिवंत असत्या तर हा फ्लेक्स त्यांच्या दुकानातून बाहेर पडला नसता. शहरातलं हे एकच दुकान होतं जिथं पैसे मोजूनही तुम्हाला शोकाकुल होता येत नव्हतं.

तुम्हीही त्या दुकानावरून गेला असाल. बाजाराकडं वळताना लिंबाचं झाड लागतं, त्याच्या मागं अरुंद गाळा. आत मशीनची घरघर आणि शाईचा वास, भिंतीवर बाबासाहेबांचा फोटो, त्याखाली नवऱ्याचे जुने ब्रश एका डब्यात उभे केलेले. नवरा दुकानांच्या पाट्या रंगवायचा. तो गेल्यावर ताई कॉम्प्युटर शिकल्या आणि अख्ख्या शहराचे वाढदिवस, उद्घाटनं आणि मयती त्यांच्या पडद्यावरून जाऊ लागल्या.

वाढदिवसाचं काम आलं की ताई मान वर करायच्या नाहीत. फोटो घेतला, मागं सूर्याचे किरण टाकले, काम संपलं. पण श्रद्धांजलीचं काम आलं की माउसवरचा हात निघायचा. खुर्ची गर्रकन फिरायची, चष्मा डोक्यावर सरकायचा, आणि समोरच्याला त्या विचारायच्या, "सांगा. काय आवडे त्याले?"

"कोणाले?"

"मेलेल्याले. फोटो तं तुम्ही देल्ला. आता माणूस सांगा."

एकदा मी आमच्या मोर्चाचा बॅनर न्यायला बसलो होतो. तांड्यांवरच्या शाळकरी पोरींसाठी एसटी सुरू करा, ही आमची मागणी. समोर एक तरुण आला, मोबाइलवर नावांची भली मोठी यादी, सगळ्यात वर स्वतःचं. ताईंनी नेहमीचा प्रश्न विचारला. तो म्हणाला, क्रिकेट आवडे. ताई म्हणाल्या, ते कोणाले नाही आवडत, अजून सांगा. पोरगा बाहेर गेला, कुणाला तरी फोन लावला, "अबे, काकाले काय आवडे बे?" असं विचारलं, आणि परत येऊन म्हणाला, काकाला शिळ्या भाकरीवर कच्चं तेल आणि तिखट आवडे. ताईंनी लगेच कीबोर्ड ओढला.

"फोनवर ज्यानं सांगितलं त्याचं नाव सांग. ते टाकते. तुझं मागून पाहू."

तो चिडून दुसऱ्या दुकानात गेला. असे पुष्कळ जात. ताईंना त्याचं काही नव्हतं. मी विचारलं, वाढदिवसाला का नाही विचारत? म्हणाल्या, "वाढदिवसाले कोणीही चालते रे. मयतीले दोस्तच लागते."

आमची पत्रकं वाचायची त्यांना खोड होती. 'तीव्र निषेध' दिसलं की 'तीव्र' खोडायच्या. "सौम्य निषेध करते काय कोणी?" 'विश्वासघात' हा माझा लाडका शब्द. तो दिसला की विचारायच्या, "विश्वास ठेवला कधी होता तुमी? मंग घात कायचा? सरळ 'थाप मारली' लिही." मी भांडायचो. त्या ऐकून घ्यायच्या आणि खोडलेलं खोडलेलंच ठेवायच्या.

या बाईंनी कॉलेजात तत्त्वज्ञान घेतलं होतं. का, तर त्या विषयाचा तास सकाळचा होता आणि दुपारी घरी कामाला परत जाता येई. त्यात स्टोइक नावाच्या जुन्या ग्रीक-रोमन विचारवंतांवर एक धडा होता. बाकी सगळं त्या विसरल्या, हा धडा मात्र त्यांना चिकटला. दोस्ती कशी करावी, भरवसा कुठवर ठेवावा, आपलं माणूस गेल्यावर किती रडावं, एवढ्यावरच त्या बोलायच्या. मी चळवळीतला. मला ते सगळं संशयास्पद वाटायचं. एकदा तोंडावर म्हणालो, ताई, हे तुमचे स्टोइक म्हणजे मार खाऊन शांत बसणारे लोक. त्यांनी मशीन बंद केली.

"शांत नाही रे. जेवढं आपल्या हातात आहे तेवढं पुरं करणारे. मोर्चा काढणं तुह्या हातात आहे, काढ. साहेबाचं डोकं तुह्या हातात नाही. तू मोर्चा कमी काढतं अन् साहेबाच्या डोक्याचा तरास जास्त करून घेतं."

आता कमलीबाईंबद्दल सांगायला हवं, कारण त्यांच्याशिवाय ताई अर्ध्याच. कमलीबाई जवळच्या तांड्यावरच्या बंजारा बाई. ताईंच्या दुकानासमोर लिंबाखाली त्यांचा ठिय्या. चौकांतले उतरवलेले जुने फ्लेक्स त्या गोळा करायच्या, दाभण आणि नायलॉनच्या दोऱ्यानं एकमेकांना शिवायच्या आणि ताडपत्री म्हणून विकायच्या. पावसाळ्याच्या तोंडावर गोठ्यांवर, तुरीच्या ढिगांवर, कुडाच्या छपरांवर जे रंगीत तुकडे दिसतात, त्यातले बरेच त्यांच्या हातचे. शिवताना त्यांचा एक नियम होता, छापील बाजू नेहमी आत. मी कारण विचारलं तर म्हणाल्या, "तोंडं बाहेर ठेवली तं ढोरं बुजतात."

ताईंनी त्यांना लगेच दोस्त केलं नव्हतं. बरेच दिवस नुसती मान हलवून ओळख. एकदा ताईंनी दुकानात पडलेले खराब छपाईचे फ्लेक्स त्यांना दिले. त्यात एका तरुण पोराच्या श्रद्धांजलीचा होता. कमलीबाईंनी तेवढाच परत आणून दिला. "हा नाही घेत. याची माय अजून याच रस्त्यानं जाते-येते. कोणाच्या गोठ्यावर पाहीन तं?" ताईंनी तो फ्लेक्स घेतला, घडी घातली आणि त्या दिवशी पहिल्यांदा दोन चहा सांगितले. त्यानंतर चहा कायम दोन.

मग एक प्रकरण झालं. एका स्थानिक पुढाऱ्याचा वाढदिवस होता. त्याचा सगळ्यात मोठा फ्लेक्स सकाळी खांबावर होता आणि दुपारी नव्हता. पुढाऱ्याची पोरं थेट लिंबाखाली आली. जुने फ्लेक्स गोळा करणारी बाई, तांड्यावरची, आणखी पुरावा कशाला पाहिजे? हाच आपल्याकडचा न्याय. त्यांनी कमलीबाईंचा गठ्ठा रस्त्यावर उधळला. कमलीबाई दाभण हातात धरून उभ्या राहिल्या. ताई दुकानातून बाहेर आल्या आणि पोरांच्या मधे उभ्या राहिल्या.

"फ्लेक्स मी छापला होता. दुसरा छापून देते, फुकटात. पण हे सगळं पहिले उचला."

"काकू, तुमी तिले विचारा तं खरं, तिनंच नेला."

"नाही विचारत."

"काहून?"

"विचाराचं होतं ते दोस्ती कराच्या आधी विचारून घेतलं. आता तिच्या मागं कोणतीच चौकशी नाही."

पोरांना हे कळलं नाही. खरं सांगतो, मलाही तेव्हा पटलं नाही. मी म्हणालो, ताई, निदान एकदा विचारून तिचं निर्दोषत्व सिद्ध तर करू. त्या माझ्यावरच उखडल्या. "तू तिचा वकील होऊन राह्यला का दोस्त? वकिलाले पुरावा लागते." पोरांनी फ्लेक्स उचलले, निम्मे चिखलात तुडवून. ताईंनी खरोखर दुसरा छापून दिला, आणि त्यावर पुढाऱ्याच्या डोक्यामागं सूर्याचे किरण नेहमीपेक्षा जास्त टाकले.

नंतर समजलं की पोरांनी तो साध्या सुतळीनं बांधला होता आणि वाऱ्यानं तो थेट नाल्यात नेऊन टाकला होता. मी धावत ताईंना सांगायला गेलो. वाटलं, खूश होतील. त्यांनी पडद्यावरून नजरही हलवली नाही. "अन् हे मले सांगाले तू एवढा पळत कायले आला?"

बाहेरून कमलीबाई हसून म्हणाल्या, "त्याले वाटलं आपण वाट पाहून राह्यलो."

पण ताई चुकायच्या, हेही सांगतो. आमच्या पत्रकांत माणूस एकतर राक्षस असतो नाहीतर देव. ताई दोन्हीही नव्हत्या. एका दुपारी एक मधल्या वयाचा माणूस फोटो घेऊन आला. ताईंनी खुर्ची फिरवली, चष्मा वर केला, प्रश्न विचारला. माणूस गप्प. ताई म्हणाल्या, बसा, आठवलं की सांगा. तो बसला. गिऱ्हाइकं येत होती, जात होती, मशीन चालत होती, आणि तो फोटो मांडीवर ठेवून बसलेलाच. शेवटी कमलीबाई दाभण हातात घेऊन दारात आल्या.

"ताई, तो भाऊ आहे त्याचा. त्याले बोलता नाही येऊन राह्यलं. तू काय शाळेतली परीक्षा घेऊन राह्यली काय?"

ताई उठल्या. माठातलं पाणी त्याला स्वतः नेऊन दिलं, फोटो हळूच मांडीवरून घेतला आणि काही न विचारता काम केलं. शोकाकुलमध्ये त्या एकट्याचं नाव, मोठ्या अक्षरात. त्या दिवसापासून नियमात भर पडली. ज्याच्या तोंडून निघत नाही, त्याला विचारायचं नाही. ही भर कमलीबाईंची, हे त्या सगळ्यांना सांगायच्या.

कमलीबाई गेल्या त्या कपाशी वेचायच्या दिवसांत. कसलासा ताप, मग यवतमाळचा मोठा दवाखाना, मग तांड्यावरून गेल्याचा निरोप. ताई आणि मी ऑटोनं गेलो. वाटेत ताई अगदी सावध बोलत होत्या, जणू परीक्षेला निघाल्या आहेत. "पाणी आलं डोळ्यात तं येऊ द्याचं. बोलावून आणाचं नाही, हाकलून लावाचंही नाही." मी मान डोलावली.

तांड्यावर आम्ही पोचलो तर बाया एकमेकींच्या गळ्यात पडून रडत होत्या. ज्यांनी हे ऐकलं नाही त्यांना सांगतो, ते नुसतं रडणं नसतं. चालीवर, शब्द जोडून जोडून, बाया आपल्या गोरबोलीत, म्हणजे बंजारा बोलीत, गेलेल्या बाईचं आयुष्य सांगत असतात. एक थांबली की दुसरी पुढं नेते. माझ्या शेजारच्या एका म्हाताऱ्यानं मला अर्थ सांगितला. आता ती म्हणते आहे, याडी, म्हणजे आई, तू लग्नात पायातलं कडं हरवलं होतंस आणि रडायच्या ऐवजी हसली होतीस. आता ही म्हणते आहे, तुला उन्हाळ्यातली आंबट कढी लागायची, आता कोण मागेल. ताई ऐकत होत्या. हळूच मला म्हणाल्या, "पाहून राह्यला ना? कोणी न विचारता सांगून राह्यल्या."

मग एक बाई उठली आणि ताईंच्या गळ्यात पडली. तिनं तिचा भाग सांगितला आणि थांबली. आता ताईंची पाळी होती. सगळ्या बायांनी वाट पाहिली. ज्या बाईनं अख्ख्या शहराला खुर्ची फिरवून विचारलं, तिच्या तोंडून एक शब्द निघाला नाही. ओठ हलले, आवाज नाही. डोळ्यांत पाणी आलं होतं, ते ना बोलावलेलं ना हाकललेलं. कमलीबाईंची सून उठली, ताईंना हाताला धरून खाटेवर बसवलं, पाण्याचा गडवा दिला आणि म्हणाली, "काकू, नका बोलू. बसा फक्त."

रडणं पुन्हा सुरू झालं, ताईंना मधे बसवून.

परतीच्या वाटेवर ऑटो बराच पुढं आल्यावर ताईंना बोलता आलं. एकदम म्हणाल्या, "तुले मालूम आहे, तोंडं आत काहून शिवायची ते? ढोरांचं खोटं होतं. मले खरं सांगितलं होतं तिनं. म्हणे, छपराखाली जो एकटा झोपते त्याले वर पाहिलं की माणसं दिसली पाहिजे. मंग ते पुढारी का होईना." आणि त्या हसल्या. चांगल्या खळखळून हसल्या, ऑटोवाल्यानं आरशातून बघितलं. मला त्या क्षणी समजलं की त्यांचे ते स्टोइक नेमकं काय सांगत होते. गेलेल्या माणसाची आठवण आली की तोंड आंबट व्हायला नको. तो होता, याचा आनंद गेला नाही पाहिजे.

दुसऱ्या दिवशी ताईंनी दुकान उघडलं. झालं, चौकात चर्चा. एवढी दोस्ती सांगत होती, एक दिवसही बंद ठेवलं नाही. दुसऱ्यांच्या मयतीचे फ्लेक्स छापते, स्वतःच्या मैत्रिणीचा एक नाही छापला. दगड आहे दगड. हे बोलणारे तेच होते ज्यांना कमलीबाईंचं नावही माहीत नव्हतं. 'ती फ्लेक्सवाली बंजारीण' एवढीच ओळख. मी भांडायला निघालो तर ताईंनी हात धरला. "तिच्याबद्दल एकतरी गोष्ट सांगा म्हण त्यांले. नाही आली तं त्यांच्यासंगं काय भांडतं?"

फ्लेक्स का नाही छापला, हे मी मात्र विचारलं. "तिची सून त्याच रस्त्यानं जाते-येते," एवढंच म्हणाल्या.

थोड्याच दिवसांत सून लिंबाखाली येऊन बसू लागली, सासूचंच दाभण घेऊन. ताईंनी पुन्हा दोन चहा सांगायला सुरुवात केली. यावरही लोक बोलले, एवढ्यात दुसरी शोधली म्हणे. ताई म्हणायच्या, "जागा रिकामी ठेवून काय तिचा पुतळा बसवू तिथं? तिले बसाले माणूसच आवडे." पण सुनेला त्यांनी लगेच दोस्त म्हटलं नाही. पारख चालू होती. एका दुपारी सून दारात येऊन म्हणाली, काकू, तुमचा हा 'अभिनंदन'वाला वाकडा छापला, मी असते तर लावला नसता. ताईंनी उठून पाहिलं. वाकडा होता. मला डोळा मारला. झाली पारख.

ताई मागच्या रविवारी गेल्या. खुर्चीत बसल्या बसल्या, दुपारी, मशीन चालू असताना. सुनेनंच पाहिलं, तिनंच मशीन बंद केली, तिनंच मला फोन केला. ताईंची मुलगी नागपूरहून आली. सोमवारी त्रिशरण-पंचशील झालं, अंत्यविधी झाला. तिथं आम्ही थोडेच होतो. दुकानात फोटो मांडीवर घेऊन बसलेला तो भाऊही होता. शेवटपर्यंत उभा राहिला.

आणि मंगळवारी सकाळी तो फ्लेक्स. मुलीला विचारलं नाही. कुणालाच विचारलं नाही. आधार कार्डावरचा फोटो, ज्याबद्दल ताई म्हणायच्या की त्यात कोणताच माणूस स्वतःसारखा दिसत नाही, आणि जो त्यांनी कधी कुणाच्या श्रद्धांजलीत वापरला नाही. शोकाकुलांमध्ये तो पुढारी, कमलीबाईंचा गठ्ठा उधळणारी पोरं, 'दगड आहे' म्हणणारे दुकानदार. तिसऱ्या ओळीत चक्क मी. माझा फोटो मोर्चातला, मूठ वर केलेला. ताईंच्या शोकात मी मूठ उगारून घोषणा देतो आहे. त्यांनी पाहिलं असतं तर हसून हसून चष्मा खाली पडला असता.

मी बुधवारी शिडी आणली. फ्लेक्स लावणाऱ्या मंडळींनी अडवलं. म्हणे, भावना दुखावतील. कुणाच्या? सांगा ना, कुणाच्या? तेवढ्यात कमलीबाईंची सून आली. वर पाहिलं, बराच वेळ पाहिलं. म्हणाली, "सासू मयतीचा फ्लेक्स कधी घेत नव्हती. पण हा मी घेते. ताईंचा फोटो कापून पोरीले द्या. बाकीची तोंडं आत शिवते."

म्हणून त्या दिवशी शिडी परत नेली आणि हे लिहितो आहे. माझी मागणी त्या पुढाऱ्याकडं नाही, नगरपालिकेकडं नाही. ज्यांचं डोकं माझ्या हातात नाही त्यांच्याकडं नाही. तुमच्याकडं आहे. तुमचा चेहरा त्या फ्लेक्सवर असेल, तर येत्या रविवारी सकाळी चौकात या. आम्ही तो उतरवणार आहोत. शिडीखाली उभं राहून ताईंबद्दल एक गोष्ट सांगा. काय आवडे त्यांना, काय आवडत नसे, कशावर त्या हसल्या. एकच गोष्ट. सांगता आली तर चेहरा कापून तुमच्या हातात देऊ, घरी न्या, तो तुमचा आहे. नाही सांगता आली तर तो एखाद्या एकट्या माणसाच्या छपराखाली जाईल, तिथं तरी कामी येईल.

तुमचा चेहरा त्यावर नसेल, तरी सुटका नाही. तुमचा जो दोस्त जिवंत आहे, त्याच्याकडं आज जा. वाढदिवसाची वाट पाहू नका. समोर बसा, फोन खिशात ठेवा आणि त्यालाच विचारा, काय आवडते तुले.

आणि रविवारी शिडीखाली उभं राहून तोंडून शब्दच निघणार नाही असं वाटलं, तरी या. नुसते बसा. पाणी आम्ही देऊ.